दहा टक्के जास्त

माझे भाऊजी फरशी बसवण्याचं काम करतात. ताईच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. तेवढी वर्षं मी त्यांची चेष्टा करत आले आहे, आणि माझ्या नाकावरच राग असल्यामुळे चेष्टेपेक्षा बोलणीच जास्त सुनावली आहेत. माणूस सगळं शांतपणे ऐकून घेतो, कानावरची पेन्सिल नीट करतो आणि म्हणतो, "झालं, वकीलसाहेब?" मी वकील वगैरे काही नाही. झेरॉक्सच्या दुकानात बसते आणि लोकांचे फॉर्म भरून देते. पण लग्नात मी त्यांच्याकडच्या लोकांशी खुर्च्यांवरून भांडले, तेव्हा त्यांनी मला हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

भाऊजींचं काम तुम्ही कधी नीट बघितलं आहे का माहीत नाही. घरात माणसं राहायला येण्याआधी ते येतात. उघडी जमीन, सिमेंटचा वास, खिडक्यांना अजून काचासुद्धा नाहीत. ते सगळ्यात आतल्या कोपऱ्यात दोरी ताणतात, पाणसळ ठेवून तिच्यातला बुडबुडा मधे आला की पहिली फरशी ठेवतात आणि रबरी हातोड्याने हळूच ठोकतात. मग एकेक फरशी लावत, गुडघ्यांवर मागे सरकत, दाराकडे यायचं. शेवटची फरशी दारात बसते तेव्हा भाऊजी घराच्या बाहेर असतात. मग दाराला आडवी सुतळी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आत पाय टाकायचा नाही, कारण ओल्या सिमेंटवरची फरशी वजनाने हलते आणि एकदा हलली की तिची कड आयुष्यभर पायाला लागते.

या एका बाबतीत हा गरीब माणूस कुणालाही जुमानत नाही. एकदा एक बडे गृहस्थ बायकोला नवं घर दाखवायला सुतळी ओलांडून निघाले, तर भाऊजींनी त्यांचा दंडच धरला. ते गृहस्थ म्हणाले, "अहो, घर माझं आहे!" भाऊजी म्हणाले, "घर तुमचं. फरशी उद्या सकाळपर्यंत माझी." ही गोष्ट ताई मला दर दोन-तीन महिन्यांनी सांगते, आणि दर वेळी त्या गृहस्थांचं पोट थोडं मोठं होतं.

दुसरी खोड दहा टक्क्यांची. फार पूर्वी, नवे नवे मिस्त्री झाले होते तेव्हा, एका दिवाणखान्यात त्यांना चार फरशा कमी पडल्या. दुकानातून परत आणल्या तर त्यांचा रंग किंचित वेगळा निघाला. दिवाणखान्याच्या मधोमध त्या चार फरशा उठून दिसायला लागल्या. मालक जे बोलायचं ते बोललाच, पण भाऊजींनी मनाला फार लावून घेतलं. तेव्हापासून ते कुठलीही जागा मोजली की कापण्यात जाणारं, तुटफूट, पुढेमागे लागणारं, असं सगळं धरून दहा टक्के वाढवूनच आकडा सांगतात. एकशेवीस फुटांची खोली यांच्या तोंडून एकशेबत्तीसच येणार. खरा आकडा त्यांच्या डोक्यात किती क्षण राहत असेल देव जाणे. शेवटी ज्या फरशा उरतात त्या ते मालकाच्याच घरात ठेवतात. पलंग कुठे येणार ते विचारायचं, त्या जागी गठ्ठा बांधून ठेवायचा आणि आत स्वतःच्या हातची चिठ्ठी: खोलीची लांबी, रुंदी, किती आणल्या, किती लागल्या. "हलवू नका, कधीतरी लागतील," एवढं सांगून माणूस जो जातो तो त्या घरात परत फिरकत नाही.

आणि एवढ्या घरांच्या जमिनी करून हा माणूस राहिला कुठे? भाड्याच्या खोलीत. एकीत नाही, चोवीस वर्षांत नऊ खोल्यांत. कुठे मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुठे भाडं वाढलं, कुठे छत गळायला लागलं. माझी भाची नर्सिंगच्या वसतिगृहात राहते. सुट्टी लागायच्या आधी ती फोन करून विचारते, "या वेळी कुठल्या पत्त्यावर येऊ?" ती हसत विचारते, पण ताईचा चेहरा पडतो.

ताईचं दुखणं वेगळंच होतं. लग्नात तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, चांगलं लाकडी, लंबकाचं. ते भिंतीवर कधी लागलंच नाही. नऊच्या नऊ घरमालकांची पहिली अट एकच: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे घड्याळ कपाटावर भिंतीला टेकवून ठेवलेलं. तिरकं असल्यामुळे लंबक अडकायचा, आणि दर चार-पाच तासांनी ताई स्टुलावर चढून त्याला बोटाने ढकलायची. मी वैतागून म्हणायचे, "अगं, एक साधं सेलवालं घे!" ती म्हणायची, "हे चालतंय की."

सरकारची योजना आली तेव्हा फॉर्म सगळ्यात आधी माझ्याच दुकानात आले. ज्यांचं आयुष्यात पहिलंच घर आहे, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर एक वीटसुद्धा नाही, त्यांना घर घेताना सरकार मदत देणार. घर बायकोच्या नावावर हवं, आणि आतून मोजून साठ चौरस मीटरपेक्षा मोठं नको. मी तो कागद तिथेच दोनदा वाचला, दुकान शेजारच्यावर सोपवलं आणि थेट ताईकडे गेले. ती बाहीची शिवण उसवत बसली होती. ऐकल्यावर तिने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "खिळा ठोकता येईल?"

घरही सापडलं. भाऊजी ज्या बिल्डरकडे काम करत होते त्याच्याच नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, छप्पन्न चौरस मीटर. भाऊजींनी त्याला सांगितलं, "फरशी लावू नका, ती मी लावीन. तेवढं किमतीतून कमी करा." बँकेने कर्जाला मान डोलावली. राहिलेली फट सरकारी मदतीने भरायची होती. बिल्डर म्हणाला, "मंजुरीचं पत्र पुढच्या महिनाअखेरपर्यंत आणा. त्यानंतर मला थांबता येणार नाही, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

फॉर्म मी भरणार होते. पण भाऊजी अडून बसले. "आयुष्यात एकच घर घेणार. माझ्या हाताने लिहितो." अक्षर त्यांचं खरंच सुरेख, फरशीसारखं ओळीत बसलेलं. त्यांनी रात्रीचं जेवण होऊन ताट उचलेपर्यंत सगळा भरला. दुसऱ्या दिवशी मी तपासला. नावं, तारखा, सह्या, ताईचा फोटो, सगळं. रकाना अकरामध्ये घराचं क्षेत्रफळ होतं. तिथे मी थांबलेच नाही. मापाचं भाऊजींना काय सांगायचं?

तीन आठवड्यांनी पत्र आलं: अर्ज नामंजूर. घराचं क्षेत्रफळ मर्यादेपेक्षा जास्त.

मी पत्र वाचून आधी सरकारला शिव्या घातल्या, मग फॉर्मची प्रत काढली. रकाना अकरा. सुंदर अक्षरात लिहिलं होतं: बासष्ट.

"भाऊजी, हे काय लिहिलंत?"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "छप्पन्न. आणि कटिंग-तुटफूट धरून बासष्ट. बरोबर आहे की."

"बरोबर आहे की?" माझा आवाज एवढा चढला की शेजारीण दारात आली. "घराला कसली तुटफूट? घराचे कोपरे कापून फेकणार होतात?"

त्यांना अजून कळलं नव्हतं. मग कळलं. मी तो क्षण बघितला, आणि बघितला नसता तर बरं झालं असतं. चेहऱ्यावरचा रंगच उतरला त्यांच्या. ते ताईकडे न बघता म्हणाले, "सवयीने लिहिलं गेलं," आणि चपला घालून बाहेर निघून गेले. ताई स्टुलावर चढली आणि तिने लंबकाला बोट लावलं. मी तेव्हा स्वतःवर जेवढी चिडले तेवढी आजवर कुणावर चिडले नसेन. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या हाच माझा धंदा, आणि घरातली चूक माझ्या नजरेखालून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि भाऊजी कार्यालयात गेलो. तिथली अधिकारी बाई वयाने माझ्याएवढी, टेबलावर फायलींचा डोंगर, आवाज थकलेला. तिने करारनामा आणि फॉर्म शेजारीशेजारी ठेवले. "करारात छप्पन्न, तुमच्या हातच्या अक्षरात बासष्ट. आम्ही काय समजायचं? की घर खरं बासष्टचं आहे, आणि योजनेत बसावं म्हणून करारात कमी दाखवलंय. असे बरेच येतात इथे."

भाऊजींनी दहा टक्क्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "पत्र गेल्यावर प्रत्येकाकडे काहीतरी कारण असतं, मिस्त्री. जागेची पाहणी करून घेऊ, पण तिची रांग अडीच महिन्यांची आहे. त्याआधी निर्णय हवा असेल तर आधीचं काही लेखी आणा. तुम्ही खरंच असंच लिहिता हे मला कागदावर दिसू दे."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चिठ्ठ्या! प्रत्येक घरात तुमची चिठ्ठी आहे. चला, गोळा करू."

भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. "काम संपलं की मी त्या घरी जात नाही. आता दार वाजवून काय सांगू? तुमच्या फरशा बसवणाऱ्याला स्वतःचा फॉर्म भरता येत नाही?" आणि ते कामावर निघून गेले. महिनाअखेरीला अकरा दिवस राहिले होते.

मग मी त्यांना विचारलंच नाही. ताईने कपाटातून त्यांच्या जुन्या डायऱ्या काढून दिल्या, त्यांत पत्ते होते. दुकान बंद ठेवून मी चार दिवस फिरले. सरकारी कचेऱ्यांचे उंबरे लोकांसाठी झिजवले आहेत, पण परक्यांच्या घरांचे असे पहिल्यांदाच.

पहिल्या घरी एक निवृत्त शिक्षिका होत्या. मी अडखळत सांगायला लागले, तर त्या मधेच म्हणाल्या, "चिठ्ठी ना? थांबा." आणि त्या वयात खाली बसून, पलंगाखाली हात घालून त्यांनी गठ्ठा ओढला. सुतळी अजून तशीच होती. "ते म्हणाले होते हलवू नका, म्हणून केरसुणीसुद्धा कडेने फिरवते." चिठ्ठीवर लिहिलं होतं, दहा बाय बारा, एकशेबत्तीस. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

एका न्हाव्याच्या दुकानात लोखंडी खुर्ची पडून फरशी फुटली होती. तिथे गठ्ठ्यातलीच फरशी बसवली होती आणि कुठे बसवली ते मला त्याने दाखवूनही दिसेना. तो म्हणाला, "मिस्त्री खरा देवमाणूस. आम्हाला वाटलं होतं, जास्त माल मागवून स्वतः नेणार असतील. उरलेली एकेक मोजून आमच्याच हातात दिली." एका घरी गठ्ठा भंगारात गेला होता. एकीने दार अर्धंच उघडलं आणि मी काही विकायला आले आहे असं समजून लावून घेतलं. पण अकरा चिठ्ठ्या जमल्या.

शेवटच्या घरात एक तरुण आई होती, मांडीवर बाळ. चिठ्ठी देताना ती म्हणाली, "तुमचे भाऊजी का ते? काम संपल्यावर दाराबाहेर उभे होते बराच वेळ. मला वाटलं, पैसे राहिलेत. विचारलं तर म्हणाले, नाही हो, बघत होतो. छान घर आहे, सुखाने राहा." मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून रडले. एवढ्या वर्षांत या माणसाला मी किती बोलले होते, आणि दर घराच्या दाराबाहेर तो असा उभा राहतो हे मला परक्या बाईकडून कळावं.

अधिकारी बाईंनी अकरा चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. काही पिवळ्या पडलेल्या, एकीवर चहाचा डाग. कशाला ते न सांगता बरोबर आणलेले भाऊजी माझ्याकडे बघत होते आणि मी खिडकीबाहेर. बाईंनी कॅल्क्युलेटर घेतला आणि एकेक चिठ्ठी तपासली. सातव्या चिठ्ठीनंतर त्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

"आणि या उरलेल्या फरशा? त्या कोण नेतं?"

"मालकाच्या असतात त्या," भाऊजी म्हणाले.

"एवढ्या वर्षांत एकही नेली नाहीत?"

"नेऊन ठेवू कुठे, बाई? आमची खोली भाड्याची."

बाईंनी वर बघितलं. मग बराच वेळ काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि नवा फॉर्म पुढे केला. "परत भरा. आणि मिस्त्री, इथे घर लिहायचंय, फरशी नाही."

रकाना अकराशी भाऊजींचा हात थबकला. त्यांनी पाच लिहिला, सहा लिहिला आणि हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "कमी पडणार बघा हे." मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

मंजुरीचं पत्र महिना संपायला दोन दिवस असताना आलं. माझा जीव भांड्यात पडला. ताईने ते पत्र घड्याळाखाली ठेवलं, आणि त्या उंचवट्याने घड्याळ आणखीच तिरकं होऊन बंद पडलं.

घराचा ताबा मिळाल्यावर भाऊजींनी चार दिवस सुट्टी घेतली. आतली खोली झाली, स्वयंपाकघर झालं, दोन्ही वाळून पक्की झाली. शेवटच्या दिवशी बाहेरची खोली. दुपारी मी आणि ताई डबा घेऊन गेलो. दाराला आडवी सुतळी होती. आत बघितलं तर सगळी खोली फरशीने भरलेली, स्वच्छ, सरळ रेषेत, अजून ओली. आणि भाऊजी पलीकडे, आतल्या खोलीच्या दारात, उलट्या बादलीवर बसलेले. त्यांच्याजवळ भिंतीशी उरलेल्या फरशांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला.

मी कपाळावर हात मारला. "अहो भाऊजी! चोवीस वर्षं दाराकडे मागे सरकलात, आणि स्वतःच्या घरात उलटी सुरुवात केलीत? आता सकाळपर्यंत बाहेर कसे येणार?"

"दारापासूनच सुरू केलं," ते म्हणाले. "दर घरातून असाच उलटा बाहेर आलोय, वकीलसाहेब. या घरातून नव्हतं यायचं."

ताई सुतळीला हात लावून उभी होती. तिच्या काखेत ते घड्याळ होतं, जुन्या साडीत गुंडाळलेलं. "वा!" ती म्हणाली. "घर माझ्या नावावर, आणि मी बाहेर?"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. मग फरशीकडे बघितलं. मग म्हणाले, "ये की."

"ओली आहे ना? हलेल."

"हलू दे." त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "दहा टक्के जास्त आणल्यात."

ताईने चपला काढल्या आणि सुतळी ओलांडली. घड्याळ छातीशी धरून, एकेक पाऊल मोजत, ती पलीकडे गेली. त्यांनी उठून तिचा हात धरला. खिडकीजवळची एक फरशी तिच्या पायाखाली जराशी कलली.

त्या घरात गेलात तर भिंतीवर घड्याळ दिसेल, अगदी बरोबर वेळ दाखवणारं. आणि खिडकीकडे जाताना एका फरशीची कड पायाला लागेल. मी सहा वेळा सांगितलं, भाऊजी, ही बदला. ते उठतात, थापी शोधतात, आणि ताई त्यांना परत खाली बसवते.